आवाज आहे, चित्र नाही

मंडळाच्या दिवाळी अंकासाठी काहीतरी लिहा, असं सांगायला संपादकबाई दुकानात आल्या तेव्हा मी एका टीव्हीची काच दोन्ही हातांत धरून उभा होतो आणि मान वळवायचीही सोय नव्हती. "दुरुस्तीतले गमतीचे अनुभव असतील ना तुमच्याकडे? हलकंफुलकं चालेल," त्या म्हणाल्या. मी काचेमागूनच हो म्हणालो. काच हातात असताना माणूस कशालाही हो म्हणतो. नंतर लिहायला बसलो आणि लक्षात आलं, की हलकंफुलकं म्हणण्यासारखं माझ्यापाशी फारसं उरलेलं नाही. जे आहे ते देतो. नाही पटलं तर बाईंनी ही पानं खुशाल जाहिरातींना द्यावीत.

मी इथे, कानडी मुलखात, चामराजपेटेत टीव्ही दुरुस्त करतो. घराणं इथलंच. आमचे पूर्वज कुणाच्या फौजेबरोबर आले, कधी आले, याच्या गोष्टी प्रत्येक काका वेगळ्या सांगतो. पुण्याचे पाहुणे आमची मराठी ऐकून गालातल्या गालात हसतात. हसोत बापडे. गिऱ्हाइकं मला टीव्ही अण्णा म्हणतात आणि ते नाव मला आवडतं. पूर्वीच्या डबा टीव्हीबद्दल मी लिहिणार नाही. जुनं ते सगळं चांगलं होतं म्हणणाऱ्या म्हाताऱ्यांत मला जमा व्हायचं नाही. डबा टीव्ही जड होते, आणि बंद केल्यावरसुद्धा शॉक द्यायचे.

आता तुमच्या भिंतीवर जो चपटा टीव्ही आहे त्याबद्दल सांगतो. त्याची काच स्वतः उजळत नाही, हे बहुतेकांना ठाऊक नसतं. काच नुसतं चित्र काढते. तिला उजेड देतात ते मागच्या पत्र्यावर चिकटवलेले बारीक एलईडी दिवे. लांब पट्ट्यांवर ते ओळीने बसवलेले असतात आणि उजेड पसरावा म्हणून प्रत्येक दिव्यावर प्लास्टिकची पारदर्शक टोपी असते. या मागच्या दिव्यांना आम्ही बॅकलाइट म्हणतो. हे दिवे माळेसारखे एकामागे एक जोडलेले असतात. त्यातला एक गेला की बहुतेक टीव्हींत सगळीच माळ विझते. मग टीव्ही चालू असतो, आवाज येतो, काचेवर चित्रही असतं, पण मागे उजेड नाही म्हणून ते दिसत नाही. अशा वेळी खोलीत अंधार करून काचेवर बॅटरी तिरकी धरायची. आत पुसट माणसं हलताना दिसतात. ही आमची पहिली तपासणी. एका बाईंनी ती हलणारी माणसं बघून हात जोडले होते.

दुरुस्ती ऐकायला सोपी आहे. टीव्ही उघडायचा, काच काढायची, पट्ट्या बदलायच्या, काच परत बसवायची. घोडं अडतं ते काचेपाशी. ती पुठ्ठ्याइतकी पातळ असते आणि तिच्या कडेला कागदासारख्या नाजूक फिती असतात. एक फीत मुडपली की चित्रावर उभ्या रेघा येतात आणि त्याला औषध नाही. मोठी काच एकट्याने उचलता येत नाही. माझी बायको कमल शेजारच्या गल्लीतून, घरातलं काम टाकून येते आणि दुसरी बाजू धरते. लग्नात अंतरपाट धरतात तसे आम्ही दोघं समोरासमोर उभे राहतो. "सोडू?" ती विचारते. "थांब," मी म्हणतो. आमच्या संसारातलं सगळ्यात जास्त वेळा झालेलं संभाषण हेच असेल.

आयुधपूजेनंतरचा आठवडा आमच्या धंद्याला बरा असतो. या गावात त्या दिवशी बस, रिक्षा, शिलाई मशीन, सगळ्यांची पूजा होते. एका घरी टीव्हीलाही हळद-कुंकू लावून वरून तीर्थ शिंपडलं होतं. पाणी काचेवरून ओघळून खालच्या फितींत शिरलं आणि टीव्ही तिथेच आटोपला. यजमान म्हणाले, "देवाचं पाणी हो अण्णा, त्यानं कसं बिघडेल?" मी म्हटलं, "मग देवालाच विचारा, नवीन काच मिळते का." ते रागावून गेले. पुढच्या वर्षी त्यांच्या नव्या टीव्हीचा बिघाडही माझ्याकडेच आला. झेंडूच्या माळेचा दोरा अडकवायला त्यांनी टीव्हीच्या चौकटीत खिळा मारला होता.

माझा एक नियम आहे आणि त्यापायी मी पुष्कळ बोलणी खाल्ली आहेत. दुकानात मांडलेला टीव्ही गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत भरावा म्हणून तो झगझगीत ठेवलेला असतो. घरी आणल्यावरही लोक तो तसाच पूर्ण उजेडावर चालवतात. दिवे तापतात आणि दोन-तीन वर्षांत मरतात. पॉवर बोर्डावर तांदळाच्या दाण्याएवढे काही रेझिस्टर असतात. त्यातला एक काढला की दिव्यांना जाणारा करंट उतरतो. चित्र थोडं मंद होतं, पण टीव्ही कितीतरी वर्षं टिकतो. पट्ट्या बदलल्या की मी तो दाणा काढतोच, न विचारता. गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी दारात उभं. "अण्णा, चित्र मंद का झालं?" मी सांगतो, डोळ्यांना सवय होईल. होते सवय. माणसाच्या डोळ्यांना कमी उजेडाची सवय होते, असं मी वर्षानुवर्षं ऐटीत सांगत आलो. आता ते वाक्य माझ्या तोंडून निघत नाही, आणि त्याचं कारण लीलाक्का.

नावं बदलली आहेत. आमच्याच पेटेत, मागच्या रस्त्याला, एका घराच्या पहिल्या मजल्यावर गुरुनाथराव आणि लीलाक्का राहतात. दोघं मूळचे बेळगावकडचे. गुरुनाथरावांनी नोकरी छापखान्यात काढली, अक्का शाळेचे गणवेश शिवायच्या. मूल नाही. अक्कांची नजर पन्नाशीनंतर उतरत गेली. आतला पडदा सुकत चाललाय, यावर उपाय नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. शिवण सुटलं, मग वाचन, मग एकटीने जिना उतरणं. शेवटी त्यांना दोनच गोष्टी दिसायच्या. दुपारी खिडकी उघडली की फिकट चौकोन, आणि अगदी जवळ बसलं तर टीव्ही.

टीव्हीवर त्या क्रिकेट बघायच्या. खेळातलं त्यांना काही कळत नव्हतं आणि कळून घ्यायचंही नव्हतं. मालिकांमधले चेहरे त्यांना ओळखू येत नसत, सगळे एकमेकांत मिसळून जात. पण कसोटीचं मैदान हिरवंगार आणि त्यावर पांढरे कपडे घातलेली माणसं, हे त्यांना दिसायचं. गुरुनाथराव जुने सामने शोधून लावून द्यायचे. चित्र आणखी उठून दिसावं म्हणून खोलीची दारंखिडक्या बंद. अक्का पडद्यासमोर वीतभर अंतरावर पाटावर बसायच्या आणि म्हणायच्या, "हा पळाला. आता तो दुसरा पळाला. हा आळशी, उभाच आहे."

त्यांची माझी ओळख झाली ती एका दुपारी. गुरुनाथराव धापा टाकत दुकानात आले. "अण्णा, जरा घरी येताय काय? टीव्ही काळा झालाय. मी बाजारात गेलो होतो, परत येऊन बघतो तर ही भुईवर बसून रडायलीय. डोळे गेले म्हणते. मी सांगतोय, टीव्ही बिघडलाय, तर माझं ऐकंना."

मी गेलो. खोलीत आवाज चालू होता, समालोचन, टाळ्या. पडदा काळा. अक्का पदराने तोंड झाकून बसल्या होत्या. मी बॅटरी लावून पडद्यावर तिरकी धरली. आत पुसट माणसं पळत होती.

"अक्का, तुमच्या डोळ्यांना काही झालेलं नाही," मी म्हणालो. "टीव्हीचे आतले दिवे गेलेत."

त्यांनी पदर काढला. "खरं सांगा. हे माझं मन राखायला काय पण बोलतात. तुम्ही बाहेरचे. तुम्हाला खोटं बोलून काय मिळायचंय?"

"दुरुस्तीचं काम मिळायचंय," मी म्हणालो. "गेलेत दिवे, खरंच सांगतो. आता माझ्याही डोळ्यांना हा टीव्ही काळाच दिसतोय."

त्या हसल्या. मग इतक्या हसल्या की गुरुनाथरावांना पाणी आणावं लागलं. मला न विचारता त्यांनी चाचपडत चुरमुऱ्यांचं गिरमिट केलं आणि बशी माझ्या हातात नेमकी दिली. घरी येऊन कमलला म्हटलं, आज माझ्या धंद्यात पहिल्यांदाच कुणीतरी टीव्ही बिघडला म्हणून खूश झालं.

पट्ट्या बदलल्या आणि सवयीने तांदळाचा दाणा काढला. टीव्ही घरी लावून दिला. अक्का पडद्यापाशी सरकल्या. "अण्णा," त्या हळूच म्हणाल्या, "हिरवं दिसंना. सगळं शेवाळ्यासारखं दिसतंय."

मी माझं नेहमीचं वाक्य म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. ज्यांना सवय व्हायला डोळेच पुरत नाहीत त्यांना काय सांगणार? टीव्ही परत आणला, दाणा जागेवर बसवला. मैदान पुन्हा हिरवं झालं.

पण दिव्यांचा हिशेब कुणाला चुकत नाही. पूर्ण उजेडावर, बंद खोलीत, दिवसभर चालणारा टीव्ही. वर्ष सरायच्या आत पट्ट्या पुन्हा गेल्या. पुन्हा गुरुनाथराव, पुन्हा धापा. पुन्हा अक्कांचा तोच प्रश्न आणि माझं तेच उत्तर. "दिवे गेलेत, अक्का." दर वेळी मला जिना चढताना भीती वाटायची आणि काळा पडदा दिसला की बरं वाटायचं. टीव्ही दुरुस्त करणाऱ्या माणसाला काळा पडदा बघून बरं वाटावं, हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

मधल्या काळात अक्कांचे डोळे आणखी उतरले. "स्वल्प वाढवता येतंय काय?" त्या विचारायच्या. मी आणखी एक रेझिस्टर जोडून करंट कारखान्याने ठेवला होता त्याच्याही वर नेला. आमच्या धंद्यात हे कुणी करत नाही. अगदी नवशिकाही करणार नाही. दिवे जळणार हे ठाऊक असताना मी ते केलं. त्यांच्या डोळ्यांना याचा त्रास तर होणार नाही ना, म्हणून गुरुनाथराव डॉक्टरांना विचारून आले होते. उजेडाने बिघडणार नाही आणि थांबणारही नाही, बघू दे त्यांना, असं डॉक्टर म्हणाले. टीव्ही लावला की त्या खोलीत मला डोळे बारीक करावे लागायचे. अक्का मात्र पाटावर बसून म्हणायच्या, "आता बरं आहे. आता तो पळाला."

मग पट्ट्या पुन्हा जळल्या, टीव्ही दुकानात आला, आणि या वेळी त्या मॉडेलच्या पट्ट्याच बाजारातून गायब झाल्या होत्या. एस. पी. रोडवरच्या पार्टवाल्याने हात वर केले. "अण्णा, तो माल बंद. आता लोक दुरुस्त करत नाहीत, हप्त्यावर नवीन घेतात." खरं होतं. माझ्या दुकानात महिन्याकाठी जितके टीव्ही यायचे तितके आता तिमाहीत येत नाहीत. नवीन टीव्ही इतके पातळ आणि असे चिकटवलेले येतात, की उघडला की मोडला. मी गुरुनाथरावांना म्हटलं, नवीन घ्या, मोठा घ्या. त्यांनी नेऊन दाखवले होते अक्कांना, मोठ्या दुकानात. तिथल्या पोऱ्यांनी एकेक टीव्ही पूर्ण उजेडावर लावून दिला. एकाही टीव्हीवर अक्कांना मैदान दिसलं नाही. मी करंट चढवून ठेवलेला तो एकच टीव्ही त्यांना दिसत होता. नव्या टीव्हीत तसं करायला मी धजावलो नसतो. त्याचे बोर्ड माझ्या हाताला ओळखीचे नाहीत, हे मान्य करायला मला लाज नाही.

मी शोधत राहिलो. शेवटी के. आर. पुरममधल्या एका भंगारवाल्याकडे तेच मॉडेल सापडलं. कुणाच्या तरी घरी खेळताना बॉल लागून काच फुटली होती. मागचे दिवे चांगले असणार. तो टीव्ही मांडीवर घेऊन मी बसने आलो. बसमध्ये एकजण म्हणाला, "अण्णा, फुटलेला टीव्ही कशाला नेताय?" मी म्हटलं, "याच्या पोटात माल आहे." खूप दिवसांनी मला कामाचा हुरूप आला होता.

ते काम मी जन्मात केलेलं सगळ्यात चांगलं काम आहे, हे मी खोटी नम्रता न दाखवता सांगतो. एकेक दिवा तपासला, सुटू पाहणारी एकेक टोपी पुन्हा चिकटवली. दिव्यांची उष्णता बाहेर जावी म्हणून पट्ट्यांखाली ॲल्युमिनियमची पट्टी बसवली, मागच्या झाकणात छोटा पंखा लावला. आता चढ्या करंटवरही हे दिवे पुष्कळ टिकले असते. कमलने काच धरली. "सोडू?" "थांब." "सोडू?" "सोड." दुकानात लावून पाहिला तेव्हा तिने डोळ्यांवर हात धरला आणि म्हणाली, "बाई गं, हा टीव्ही आहे की सूर्य?"

दुसऱ्या दिवशी दुपारी मी आणि गुरुनाथरावांनी तो जिन्यावरून वर नेला. टीव्ही दुकानात होता तेवढे आठवडे मी त्यांच्या घरी गेलो नव्हतो. अक्का पाटावर येऊन बसल्या होत्या, केस विंचरून, पाहुणे यायचे असल्यासारख्या.

"खिडकी उघडी आहे का हो?" त्यांनी यजमानांना विचारलं.

"हां, उघडी आहे."

"आज ढग आहेत वाटतं."

समोरच्या घराच्या भिंतीवर लख्ख ऊन होतं. गुरुनाथराव माझ्याकडे न बघता म्हणाले, "हां. ढग आलेत."

तिथेच मला कळायला हवं होतं. पण मी माझ्या कामाच्या धुंदीत होतो. प्लग लावला, बटण दाबलं. खोली पांढरी झाली. भिंतीवरचं कॅलेंडर, फडताळातली भांडी, सगळं उजळून निघालं. मैदान असं हिरवं आलं की मी स्वतःशीच हसलो. समालोचन सुरू झालं. अक्कांच्या चेहऱ्यावर पडद्याचा उजेड होता, त्यांच्या कपाळावरचा एकेक केस मला दिसत होता. त्या थोड्या पुढे झुकल्या. आणखी पुढे झुकल्या. नाक काचेला टेकेल इतक्या.

"आवाज आला," त्या म्हणाल्या.

त्या तशाच झुकून राहिल्या.

"चित्र यायला वेळ लागतोय का?"

मी रिमोट हातात घेऊन उगाच बटणं दाबली. गुरुनाथराव दाराच्या चौकटीला धरून उभे होते. लोक टाळ्या वाजवत होते, कुणीतरी चौकार मारला होता. अक्कांनी हात पुढे करून काचेवर तळवा ठेवला. उजेडात त्यांची बोटं लालसर दिसत होती.

"परत तेच झालं की हो, अण्णा," त्या म्हणाल्या. "आवाज आहे, चित्र नाही. दिवे गेले." आणि मग मान माझ्या दिशेला वळवून, "गेले ना? तुम्ही सांगा."

मी गुरुनाथरावांकडे बघितलं. त्यांनी हो अशीही मान हलवली नाही, नाही अशीही नाही. त्यांचा चेहरा बघवत नव्हता. लीलाक्कांनी यजमानांवर कधी विश्वास ठेवला नाही, माझ्यावर ठेवला, कारण मला खोटं बोलून काही मिळणार नव्हतं. त्या दिवशीही काही मिळणार नव्हतं.

"हो अक्का," मी म्हणालो. "गेले. पट्ट्या जुन्या होत्या, भंगारातल्या. टिकल्या नाहीत. माझंच काम कच्चं झालं."

त्यांनी मोठा श्वास सोडला. खांदे खाली आले. "मग सरी, ठीक आहे," त्या म्हणाल्या. "मला वाटलं..." मग त्याच मला समजवायला लागल्या. "पर्वागिल्ला अण्णा, वाईट वाटून घेऊ नका. होतंय असं कधीतरी."

मी टीव्ही बंद केला. ज्या जिन्यावरून आणला त्याच जिन्यावरून आम्ही दोघांनी तो परत खाली उतरवला. मधल्या पायरीवर गुरुनाथराव थांबले.

"किती दिवस ठेवून घेता येईल?"

"पार्ट येईपर्यंत," मी म्हणालो.

"पार्ट येणार आहे?"

"नाही."

"मग बरं," ते म्हणाले, आणि पुन्हा टीव्ही उचलला.

घरी येऊन कमलला सांगितलं. ती सहसा माझ्या कामात बोलत नाही. पण त्या दिवशी भांडली. "डोळे गेले हे कळलं असतं तर रडली असती, आपटली असती, आणि मग हळूहळू उठली असती. माणसाला अंधाराची सवय करून घ्यावी लागते. तुम्ही तिला वाट बघायला लावलंत." मी म्हटलं, मग तू जाऊन सांग. ती चपला घालून निघाली. त्यांच्या दारापर्यंत गेली आणि परत आली. त्यानंतर आमच्या घरात हा विषय निघत नाही.

तिचं म्हणणं चूक आहे असं मला वाटत नाही. मी बरोबर केलं असंही वाटत नाही. बिघाड कुठे आहे हे ओळखणं हाच माझा धंदा, आणि तो ओळखून मी दुसरीकडे बोट दाखवलं. दिव्यांची माळ तुटली तर मी शोधून जोडू शकतो. माणसाच्या आतली तुटली तर माझ्या हातात काही नाही, आणि डॉक्टरच्याही हातात नाही, ही गोष्ट मला पचत नाही. एवढी वर्षं वस्तू उघडून बघितल्या. मनात कुठेतरी असं बसलं होतं, की उघडता आली तर कुठलीही गोष्ट नीट करता येते. तसं नसतं. या वयात ते कळून उपयोग काय, तेही ठाऊक नाही.

हा अंक गुरुनाथरावांच्या घरी जातो. ते तो अक्कांना वाचून दाखवतात, अगदी पाककृतींसकट. म्हणून लिहिण्याआधी त्यांना विचारलं. "लिहा," ते म्हणाले. "ती पानं मी गाळतो. गाळून वाचायची सवय झालीय मला."

दुकानाची जागा मालकाला पाहिजे आहे. तिथे फ्लॅट होणार आहेत. खरं तर मागेच बंद करायचं ठरलं होतं. येणारं काम भाड्यापुरतंही नाही, पाठ धरते, कमलला आता काच पेलवत नाही. पण दुकान बंद झालं तर पार्ट येणार कुठे? मी मालकाकडे थोडी मुदत मागितली आहे. त्याने कारण विचारलं. एका बाईंचा टीव्ही द्यायचा राहिलाय, एवढंच म्हणालो.

तो टीव्ही मागच्या फळीवर आहे. मधूनमधून तो लावून बघतो, कारण न वापरता ठेवलं की बोर्ड दमट होतात. अजून तसाच लख्ख लागतो. बंद करताना दर वेळी वाईट वाटतं. हल्ली लावणं टाळतो.

अक्का दर आठवड्याला फोन करतात. गुरुनाथराव नंबर लावून देतात. "आला का पार्ट?" "नाही अक्का, अजून नाही." मग त्या कमलची चौकशी करतात, पाऊस पडतोय का विचारतात. कमलला वाटतं, त्यांना केव्हाच कळलं असेल आणि त्या यजमानांसाठी विचारत असतील. मला तसं वाटत नाही. फोनवर मला त्यांचा आवाज ऐकू येतो. त्या खरोखर वाट बघत आहेत.

परवा फोन आला तेव्हा त्या थोड्या घुटमळल्या. "अण्णा, एक विचारू काय? शेजारच्या म्हणतात, एवढे दिवस कशाला थांबायचं, आता फार झगझगीत टीव्ही निघालेत, नवीनच आणा. हे म्हणतात, नको. यांचं मी ऐकत नाही, तुम्हाला माहितीये. तुम्ही सांगा. घ्यावा काय नवीन?"

नवीन टीव्ही घरात आला की तो पहिल्याच दिवशी बिघडलाय असं कोण सांगणार? मी दुकानात एकटाच होतो. मी म्हटलं, "नको, अक्का. अजून थोडं थांबा. पार्ट येईल."

"सरी," त्या म्हणाल्या. "तुम्ही सांगताय ना, मग थांबते मी."